ब्लाउजच्या वहीतली कंबर

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

मावशी, तुला नमस्कार, शरणार्थ.

फोन करणार होते, पण तुझा फोन म्हणजे दुकानाचा लाउडस्पीकर. मी इथून बोलते आणि तिथून तुझी गिऱ्हाइकं उत्तरं देतात. हे ऑफिसातलं आहे, चार बायकांत नको, म्हणून पत्र.

मी पुण्यात नक्की काय करते असं तू दर वेळी विचारतेस, तर ऐक. राज्यात लठ्ठपणा कुठे किती वाढतोय याची नोंद आमच्या कक्षाकडे येते. आरोग्यसेविका घरोघर जाऊन वजन, उंची आणि कंबर मोजतात. ते आकडे मी तपासते आणि कुठला भाग धोक्यात आहे ते वरिष्ठांना सांगते. वजनापेक्षा कंबर महत्त्वाची, कारण पोटावरची चरबी साखर आणि रक्तदाब घेऊन येते. जिथे आकडे वाईट, तिथे आठवड्यातून एकदा तपासणी केंद्र बसतं. साखर, दाब, साखरेने बधिर होणाऱ्या पायांची तपासणी आणि खाण्यापिण्याचा सल्ला, सगळं फुकट.

आता बातमी. आपल्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दोनशे चाळीस बायकांची मापं आली आणि मला खुर्चीत बसवेना. वजनं चांगली भरभक्कम, सत्तर, बहात्तर किलो, पण कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आसपासच. शहरी भागात असं कुठेच नाही. मी कारण शोधलं आणि मला ते कडक भाकरीत सापडलं. ज्वारी, शेंगाचटणी, जिने चढणं-उतरणं. दोन डिसेंबरला सगळ्या अधिकाऱ्यांपुढे मी हे मांडणार आहे, भाकरीच्या फोटोसकट. केंद्र अर्थात आपल्याकडे येणार नाही, गरजच नाही. ते दुसऱ्या भागाला जाईल.

आपल्या पेठेच्या आरोग्यसेविकेने, नागव्वाने काम चोख केलंय, तिला सांग. तुझीही कंबर तिने मोजली असेलच. किती भरली?

तुझी
शिवलीला


शुक्रवार पेठ, सोलापूर
२७ नोव्हेंबर २०२४

शिवूस मावशीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने ते थेट कापडाच्या ढिगावर टाकलं, दोन दिवस सापडत नव्हतं.

भाकरीचं वाचून मी एकटीच हसले. अगं, कडक भाकरी आता पाकिटातून पुण्याला जाते, तुम्ही लोक खाता. इथे पेठेत सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी पोळी, संध्याकाळी गाडीवरचं काहीतरी. जिने चढायचे दिवसही गेले, आता भाजीवाला खाली हाक मारतो आणि वरून पिशवी सोडतात. दिवाळीआधी माझ्याकडे नव्या ब्लाउजांपेक्षा उसवून मोठी करायची ब्लाउजं जास्त होती. हे तुला आपलं सांगून ठेवते. तू शिकलेली आहेस, तुझ्या आकड्यांत काय ते बघ.

केंद्र आपल्याकडे येणार नाही हे मात्र बरं नाही झालं. गुरुसिद्धप्पा काकांच्या सुनेला गेल्या महिन्यात चक्कर आली, दवाखान्यात नेलं तर साखर साडेतीनशे. वय बत्तीस. आठवड्यातून एकदा कुणी दारात येऊन बघणार असेल तर ते कशाला सोडायचं? काही करता आलं तर बघ.

नागव्वा लई गुणाची बाई आहे. तिच्या कामात खोट काढू नकोस. दोन पोरी शाळेत आहेत, नवरा टॉवेलच्या कारखान्यात, तो कारखाना महिन्यात पंधरा दिवस चालतो.

माझं माप विचारलंस. शिवणाऱ्या बाईचं माप कोण घेतं?

दानम्मा मावशी


पुणे, ९ डिसेंबर २०२४

मावशी,

दोन तारखेला भाकरीचं कौतुक झालं. टाळ्याही पडल्या. केंद्र दुसऱ्या भागाला द्यायचं ठरलं, मंजुरीचा कागद एकतीस डिसेंबरला पुढे जाईल. पुढची मोजणी तीन वर्षांनी.

आता पुढचं नीट वाच. आमचे मृत्युंजय सर कमी बोलतात. त्यांनी सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, की या बायकांच्या कंबरांचा आलेख काढलात का. मी सरासरी काढली होती, आलेख नव्हता काढला. काढला तर तो दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. ७४ सेंटिमीटरच्या बायका आहेत, ७६ च्या आहेत, ७९, ८१, ८४ च्या आहेत. पण ७५, ७७, ७८, ८०, ८२, ८३ या मापाची दोनशे चाळीसांत एकही बाई नाही. पेठेतल्या बायका असे ठरवून आकडे सोडून वाढतात काय?

मग मला दिसलं. एकोणतीस इंच म्हणजे ७४, तीस म्हणजे ७६, एकतीस म्हणजे ७९. ही मापं इंचात घेतलीत आणि मग सेंटिमीटर केलीत. आम्ही दिलेल्या टेपवर इंच छापलेलेच नाहीत. मला वाटतं नागव्वा घरोघर गेलीच नाही. घरी बसून तिने अंदाजे आकडे लिहिले.

खोटी नोंद केली तर सेविकेला कामावरून काढतात, असा नियम आहे. मी अजून सरांना काही बोललेले नाही, पण ते वाट बघताहेत. तू दुकानात बसून अख्ख्या पेठेची खबर ठेवतेस. गुपचूप विचारून खरं काय ते कळव.

शिवलीला


शुक्रवार पेठ, १६ डिसेंबर २०२४

शिवूस आशीर्वाद.

गुपचूप विचारायची गरज नाही. ती मापं माझ्या वहीतली आहेत.

नागव्वा घरोघर फिरली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. वजनाला बायका तयार होत्या, काट्यावर उभं राहायला काय लागतं. पण टेप काढला की दार बंद. एकदा माझ्या दुकानाच्या पायरीवरच झालं ते ऐक. नागव्वा एकीला म्हणाली, "अक्का, जरा पदर सरकवा, बेंबीपाशी माप घ्यायचं हाय." ती म्हणाली, "कशाला? काय शिवायचं हाय का?"

"न्हाय, सरकारला पायजे."

"सरकार आमास्नी परकर शिवून देनार व्हय?"

झालं, सगळ्या हसल्या आणि निघून गेल्या. एका खोलीत सासरा, दीर, पोरंटोरं, तिथे कुठली बाई निऱ्या सोडून पोट उघडं करणार? महिनाभर नागव्वा अशी रिकाम्या हाताने फिरली. शेवटी दुकानात येऊन बसली आणि रडली. म्हणाली, "मावशी, तारीख जवळ आली की. आता मी काय करू?"

माझ्या वहीत प्रत्येक बाईची छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं लिहिलेलं असतं. तीस वर्षांच्या अकरा वह्या आहेत. पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. अर्धा इंच मी लिहीत नाही, तो टक्समध्ये, म्हणजे ब्लाउजच्या चिमट्यांत जिरवते, म्हणून तुला पुरे आकडे दिसले. ज्या माझ्याकडे शिवत नाहीत त्यांची मापं मी रस्त्यावर बघून सांगितली. माझी नजर चुकत नाही.

तर हे अंदाजे नाही आणि खोटंही नाही. वहीतलं एकेक माप मी या हातांनी घेतलेलं आहे. तुमच्या टेपने घेतलं काय, माझ्या टेपने घेतलं काय, कंबर ती कंबरच. एवढं सरांना समजावून सांग आणि नागव्वाचं नाव यातून काढ.

दानम्मा मावशी


पुणे, २३ डिसेंबर २०२४

मावशी,

कंबर ती कंबर नाही. तुझ्या ब्लाउजची कंबर छातीच्या खाली चार बोटांवर संपते. आम्हाला हवी ती बेंबीजवळची, जिथे पोट सुटतं. दोन्हींत चार-चार इंचांचा फरक पडतो. माझ्या ऑफिसातल्या तीन बायकांना मी आज मोजलं. ब्लाउजच्या जागी ७९ भरलेली एक बाई बेंबीजवळ ९१ भरली. ९१ म्हणजे धोका. तुझ्या वहीमुळे अख्खी पेठ निरोगी ठरली आणि केंद्र दुसरीकडे गेलं. गुरुसिद्धप्पा काकांच्या सुनेसारख्या आणखी किती आहेत, हे आता तीन वर्षं कुणी बघणार नाही.

मला राग आलाय, तुझा आणि माझाही. वजन बहात्तर आणि कंबर शहात्तर, हे जमत नाही हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. पण माझ्या गावाचं चांगलं दिसलं आणि मी भाकरी शोधत बसले. दुसऱ्या कुठल्या गावाचे असे आकडे आले असते तर मी परत पाठवले असते.

आता दोन वाटा आहेत. गप्प बसले तर नागव्वाचं काम वाचेल आणि पेठेचं केंद्र जाईल. बोलले तर केंद्राचा पुन्हा विचार होईल आणि नागव्वाला काढतील. आठ दिवस उरलेत.

एक विचारते. अकरा वह्यांत माझ्या आईचंही पान असेल. आईची कंबर किती होती? वर्षावार कळव.

शिवलीला


शुक्रवार पेठ, २७ डिसेंबर २०२४

शिवू,

तुझं पत्र काल आलं. ही चिठ्ठी कुरिअरने पाठवते, म्हणजे वेळेत मिळेल.

आईचं पान काढलं. २००८ साली एकतीस इंच. २०१२ ला चौतीस. २०१५ ला छत्तीस. २०१७ च्या दिवाळीला सदतीस. २०१८ ला चौतीस. २०१९ च्या दिवाळीला एकतीस.

शेवटचं माप घेताना काय झालं ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, अक्का, तू तर लग्नातल्यासारखी बारीक झालीस, आता खणाचं ब्लाउज शिव. ती खूश झाली. आम्ही दोघी खूश झालो. आपोआप सहा इंच कमी होणं म्हणजे साखर शरीर खातेय, हे मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी पायाची जखम निघाली आणि फेब्रुवारीत ती गेली. पाच वर्षं ते पान माझ्या कपाटात आहे, मी कधी उघडलं नव्हतं. तुझ्या पत्रानंतर उघडलं आणि दुपारभर दुकान बंद ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं सगळं, माझ्याच अक्षरात.

आता राहिलेलं सांगते, ते तुला सांगितलं नव्हतं. नागव्वा पहिल्याच दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे आली होती. म्हणाली, "मावशी, तुमचं माप आदी घेते, मग बाकीच्या बायका ऐकतील." मी नाही म्हणाले. चारचौघींत माझ्या पोटाला टेप लावायचा? तीस वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं कुणाला घेऊ दिलं नाही. मी नाही म्हणाले म्हणून सगळ्या नाही म्हणाल्या. आणि वहीची कल्पना माझी होती, तिची नव्हे. ती म्हणत होती, "मावशी, हे चालंल व्हय?" मीच म्हणाले, चालतंय. माझं माप तिने विचारलं तर मी तेहतीस सांगितलं. ते खोटं होतं.

सरांना माझं नाव सांग. आणि एवढं विचार, की पुन्हा मोजायला मुभा मिळेल का. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की माझ्या दुकानात मोजू. ट्रायलचा पडदा आहे, कडी आहे, पुरुष माणूस आत येत नाही.

दानम्मा मावशी


पुणे, ३ जानेवारी २०२५

मावशी,

तीस तारखेला सरांकडे गेले. तुझी वही, नागव्वा, माझी भाकरी, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "टाळ्या पडल्या तेव्हाच मला शंका आली होती." माझ्या नावावर लेखी ताकीद लागली आहे. ती लागायलाच हवी होती.

शुक्रवार पेठेचे आकडे रद्द झाले. केंद्राचा निर्णय एक महिना थांबवला आहे. एकतीस जानेवारीपर्यंत दोनशे चाळीसपैकी निदान दोनशे बायकांची नवी मापं आली पाहिजेत. त्यांतली चाळीस तपासायला इथून एक बाई येतील. मापं जुळली तर नागव्वा कामावर राहील. दोनशे भरली नाहीत किंवा जुळली नाहीत तर तिला काढतील आणि केंद्रही जाईल. याहून जास्त मला काही मिळवता आलं नाही.

सोबत नवा टेप पाठवतेय, इंच नसलेला. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, अंगाला लागून. ब्लाउज शिवताना सैल धरतेस तसा एक बोट सैल धरायचा नाही. मापं नागव्वानेच घ्यायची, तू नाही. तू फक्त बायका आण.

आईच्या पानाबद्दल मला तुला दोष द्यायचा नाही. त्या दिवाळीला मीही आले होते आणि मीही म्हणाले होते, आई छान दिसतेस.

शिवलीला


शुक्रवार पेठ, २ फेब्रुवारी २०२५

शिवूस मावशीचा आशीर्वाद.

नागव्वाची नोकरी राहिली. आधी ते सांगते, मग बाकीचं.

गड्डा संपला आणि वीस तारखेला मी दुकानावर पाटी लावली, आज शिवण बंद, माप चालू. सकाळी सात बायका आल्या. पडद्यामागे बाकडं ठेवलं, नागव्वाने नवा टेप काढला. सातही जणी ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या. कुणाला वाटलं मी जत्रेनंतर स्वस्तात शिवून देतेय. खरं कळलं तशा एकेक करून उठल्या. दुसऱ्या दिवशी तीन आल्या, त्यातल्या दोघी चहा पिऊन गेल्या. दोन दिवसांत मोजली गेली एक, ती गुरुसिद्धप्पा काकांची सून.

संध्याकाळी नागव्वा टेप गुंडाळत होती. मला तिच्याकडे बघवेना. दोनशे बायका मी आणणार होते, आणि त्या का येत नाहीत हे पेठेत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बजाबाईच्या नातवाचं बारसं होतं. बजाबाई वीसेक बायकांना घेऊन माझ्या दुकानावरूनच जाणार, हे मला माहीत होतं. मी त्यांना आत बोलावलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि दाराला कडी लावली. पडदा ओढला नाही. नागव्वाला म्हणाले, "हितंच घे माझं. सगळ्यांम्होरं." तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी पदर कमरेला खोचला, निऱ्या खाली केल्या आणि उभी राहिले. शिवू, एकसष्टाव्या वर्षी मला इतकी लाज वाटली, की कानात घुमायला लागलं.

तिने टेप लावला. पहिल्यांदा टेप तिरका बसला. मीच म्हणाले, "सरळ धर की, बेंबीवर." तिने दुसऱ्यांदा धरला आणि हळू आवाजात आकडा सांगितला. मी म्हणाले, "मोट्यानं सांग." ती म्हणाली, "एकशे चार."

कुणी हसलं नाही. बजाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मग माझंबी तसंच असंल की. घे बाई." तिचे एकशे सात भरले. त्यानंतर रांग लागली. त्या दिवशी बारशाला बायका पाऊण तास उशिरा गेल्या, पाळण्यापाशी आईच एकटी बसली होती म्हणे.

एकतीस तारखेपर्यंत दोनशे एकतीस झाल्या. चौघी लेकीकडे गेल्यात, पाच जणी शेवटपर्यंत नाही म्हणाल्या, त्यांना मी बळजबरी केली नाही. पुण्याच्या बाई आल्या, त्यांनी चाळीस तपासल्या. सगळ्या जुळल्या, दोघींमध्ये एक सेंटिमीटरचा फरक निघाला, तो जेवणाआधी आणि जेवणानंतरचा. त्या नागव्वाला म्हणाल्या, तुम्ही टेप फार व्यवस्थित धरता. दोनशे एकतीसपैकी एकशे ऐंशी बायका तुमच्या धोक्याच्या रेषेच्या वर आहेत. तुझ्या भाकरीला आता टाळ्या पडणार नाहीत. पण मंगळवारी केंद्र इथे बसतंय, समाजमंदिरात, हे त्या बाईंनीच सांगितलं.

आता माझं. एकशे चार लिहून झाल्यावर मी निऱ्या वर करायला लागले, तर नागव्वा म्हणाली थांबा, फॉर्म पुरा व्हायचा आहे. टेप हातात धरूनच ती एकेक प्रश्न विचारत गेली. तहान लागते का, दिवसात किती वेळा लघवीला जाता, जखम लवकर भरते का. मी सगळ्याला न्हाय, न्हाय म्हणत होते. वीस बायका ऐकत होत्या. मग तिने विचारलं, "मावशी, मशीनचं पायडल मारताना पाय बधिर हुतोय का?"

गेल्या वर्षापासून मी डाव्या पायाने मशीन चालवतेय, उजव्याला पायडल लागलेलं कळत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही.

मी म्हणाले, "व्हय."

दानम्मा मावशी